उमाठे काकांची रविवारची ट्रायल

उमाठे काकांच्या पार्किंगच्या जागेवर आता त्यांच्या मुलाची पांढरी चारचाकी उभी असते. सकाळी दूध आणायला उतरले की ती दिसते आणि माझं डोकं फिरतं. दूध, पाव, कढीपत्ता एवढं मनात घोळवत मी जिना उतरलेली असते, आणि त्या गाडीपाशी आले की यातलं एक तरी हमखास विसरते. लोक सांगतात, जुनं सोडून द्यावं. सोडून देण्याची कामं मी यादीत शेवटी लिहिते, आणि शेवटची कामं माझ्याकडून राहून जातात.

काका आता इथं राहत नाहीत. राहत होते तेव्हा माझा अर्धा राग त्यांच्यावरच असायचा.

नागपूरला जरीपटक्यातल्या आमच्या इमारतीची मी सेक्रेटरी आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही. काका पहिल्या मजल्यावर मुलगा प्रशांत आणि सून यांच्याबरोबर राहायचे. कोराडीच्या वीज केंद्रात पगार विभागात त्यांची सगळी नोकरी झाली. म्हणजे आयुष्यभर कागदाशी संबंध, यंत्राशी नाही. पण ठरलेल्या रविवारी सकाळी हा उंच, वाळलेला माणूस खांद्यावर दुपट्टा टाकून पार्किंगमध्ये यायचा, मोटरसायकल डबल स्टँडवर लावायचा, खाली गोणपाट अंथरायचा आणि इंजिनाच्या डोक्यावरची दोन झाकणं पान्यानं उघडून बसायचा. याला ते ‘टॅपेट पाहणे’ म्हणत.

आमची पहिली ओळख भांडणातूनच झाली.

“काका, फरशीवर ऑइलचे डाग पडतात. तक्रार आली आहे.”

“कोणाची?”

“नाव सांगता येत नाही.”

“मंग डाग कोणाचा आहे थेही सांगता येत नाही.”

“डाग तुमच्या गाडीखाली आहे, काका.”

“गाडी डागावर उभी आहे वं बाई. डाग आधीचा आहे.”

मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा माणूस मला म्हातारं करणार. पुढच्या वेळी पाहिलं तर गोणपाटाखाली जुन्या फ्लेक्सचा तुकडा आला होता. माझ्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. काका हरले की असे हरायचे.

जाता-येता ऐकून मलाही ते टॅपेट पाठ झालं. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात, एक हवा-पेट्रोल आत घेणारा आणि एक धूर बाहेर सोडणारा. ते दाबणारे छोटे हात असतात. हात आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये वहीच्या कागदाएवढी फट हवी. फार झाली तर खडखडाट होतो, कमी झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. ती फट मोजायला काकांकडे पत्त्यांसारख्या पसरणाऱ्या पोलादी पात्या होत्या. त्यातली एक फटीत घालून ते डोळे मिटून ओढायचे. नव्या नोटांच्या बंडलातून एक नोट ओढताना जशी किंचित अडते, तशी ती अडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. माणूस पगार विभागातला होता, दुसरी उपमा सुचणार कुठून?

आणि एक नियम होता, त्याला अपवाद नाही. इंजिन पार थंड पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी.

एका रविवारी समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाला आपली कार काढायची होती. काकांची गाडी आडवी होती आणि किल्ली तिलाच लटकलेली होती. त्यानं बिचाऱ्यानं ती सुरू करून इमारतीला एक वळसा घातला आणि कडेला लावली. काका खाली आले, इंजिनाला तळवा लावला आणि जे सुरू झाले ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेले.

“हात लावायले कोणी सांगतलं होतं तुले?”

“काका, फक्त बाजूला केली. पाच मिनिटं.”

“पाच मिनटात लोखंड फुगते. फुगलेल्या लोखंडातली फट मोजली तर थे खोटं माप. खोटं माप मी घेत नाही.”

“मग थोड्या वेळानं घ्या.”

“थोड्या वेळानं वरून थंड होते, आतून होत नाही. गेला माहा रविवार.”

दिवसभर ते गाडीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिले. जेवायला वर गेले नाहीत. एका झाकणापायी एवढं आकांडतांडव, असं मी तेव्हा मनात म्हटलं. त्यांचं काय बुडालं होतं ते मला उशिरा कळलं.

हे शिकले कुठे, असं विचारलं की ते एका मेकॅनिकला शिव्या घालायला सुरुवात करत. गाडी कटकट वाजते म्हणून त्याच्याकडे नेली होती. “त्यानं स्क्रू आवळून देल्ला. आवाज बंद. मी खूश, थोही खूश. काटोल रोडवर भर उन्हात गाडी बसली. व्हॉल्व्ह जळला होता. लोकाइले आवाज नको राहते ना, बाई. आवाज बंद झाला की काम झालं समजतात.” त्या दिवसापासून दुसऱ्याच्या हातात इंजिन द्यायचं नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. कंपनीचं पुस्तक मिळवलं आणि स्वतःच उघडून बसले. पहिल्या खेपेला इंजिनाच्या चाकावरच्या खुणेवरून पिस्टन वर आला एवढं पाहिलं, पण तो कुठल्या फेरीत वर आला ते पाहिलं नाही. दोन्ही फटी भलत्याच मोठ्या झाल्या. गाडी सुरू केली तेव्हा डब्यात खडे घालून हलवल्यासारखा आवाज आला. काका ठासून सांगत, खूण मारणाऱ्यानंच चुकीच्या जागी मारली. पुढच्या वेळी बरोबर जमल्यावरही खूण चुकलीच होती हे मत त्यांनी बदललं नाही.

त्यांची मुलगी वर्षा याच मोटरसायकलवर चालवायला शिकली. कॉलेजला तीच गाडी न्यायची. बाकी दिवस हवी तेव्हा मिळायची, पण टॅपेटच्या रविवारी सकाळी मैत्रिणीचं लग्न असलं तरी रिक्षानं जावं लागायचं. ती वैतागून जिन्यात म्हणायची, “आमच्या घरी गाडीले सुट्टी राहते, माणसाले नाही.”

वर्षानं नरखेड तालुक्यातल्या एका मुलाशी लग्न केलं. त्याची संत्र्या-मोसंबीची बाग आहे. जात वेगळी. कोर्टात जाऊन सह्या केल्या आणि घरी फोन केला. प्रशांतनं जाहीर केलं, या घरात तिचं नाव निघणार नाही. तो तेव्हा नुकता कमावता झाला होता आणि मोठ्यानं बोलायला शिकला होता. काकू रडल्या. ऑइलच्या एका डागावरून माझ्याशी अर्धा तास वाद घालणारा माणूस पोटच्या पोरीवरून मुलाशी एक वाक्य बोलला नाही. इथून माझा खरा राग सुरू होतो.

मग काकू गेल्या. सकाळी कळलं. मी नेहमीप्रमाणे कामं वाटून घेतली: कोण सामान आणणार, कोण फोन करणार, कोणाच्या घरून चहा. तेवढ्यात वर्षा आली. नरखेडहून गाडी चालवत आली असावी, तोंड धुळीनं भरलं होतं. प्रशांत गेटमध्ये आडवा उभा राहिला.

“आईले एकदा पाहू दे,” ती म्हणाली.

“तुझं इथं कोणी नाही.”

“एकदा पाहते आन् जाते. बोलत नाही कोणाशी.”

“सांगितलं ना.”

मी जाऊन गेटची कडी काढली. प्रशांतनं ती माझ्या हाताखालून परत लावली. “हा घरचा मामला आहे, ताई.” मी काकांकडे पाहिलं. ते मोटरसायकलपाशी उभे होते, एक हात सीटवर, नजर फरशीवर. सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. त्यांनी मान वर केली असती तरी पुरलं असतं. त्यांनी केली नाही. वर्षा बाहेर रस्त्यावरच्या दुभाजकावर बसली. मी पाणी नेलं ते तिनं घेतलं. शववाहिका निघाली तेव्हा तिनं काचेतून आईला पाहिलं असेल तेवढंच.

तेरावं झालं आणि काका दर रविवारी टॅपेट पाहू लागले. त्याआधी दोन-चार महिन्यांतून एकदा पाहायचे. मी त्यांचं पुस्तक मागून घेतलं आणि पाहिलं.

“काका, यात तर हजारो किलोमीटरनंतर पाहायला सांगितलं आहे.”

“पुस्तक लिहिणारा नागपूरच्या उन्हात राहून नाही राहिला.”

“म्हणून दर आठवड्याला?”

“टॅपेट पाहिलं की ट्रायल घ्या लागते. लांबची. गावातल्या गावात इंजिनाचं समजत नाही.”

ही ट्रायल नाश्ता झाला की सुरू व्हायची आणि दिवेलागणीच्या आधी संपायची. परत येताना हँडलला पिशवी असायची, हंगामाप्रमाणे संत्री नाहीतर मोसंबी. इमारतीत प्रत्येक घरी पोचवायचे. प्रशांतच्या घरातही ती सोलून खाल्ली जायची. कुठून आणली, असं कोणी विचारत नव्हतं. काटोल रोडला चिक्कार विकायला असतात म्हणे. पानासकट, देठासकट, आणि काही अजून हिरवीच. अशी कोण विकतं?

मी एकदा विचारलंच. “वर्षा कशी आहे?”

“कोण?”

“काका.”

“मले काय माहीत. मी ट्रायलले जातो.” जरा थांबून ते म्हणाले, “बोअरले पाणी लागलं म्हणते.”

वर्षाचा नंबर माझ्याकडे होता, इमारतीतल्या सगळ्यांचे असतात. तिला फोन केला तेव्हा ती हसली, पण त्या हसण्यात राग होता. “येतात, ताई. बाजेवर बसतात. पाणी पितात. गाडीकडे पाहत राहतात आन् जातात. राहा म्हटलं तर म्हणतात, ट्रायल म्हणजे जाणं-येणं राहते, मुक्काम राहत नाही. एक रात्र नाही थांबले. दिवस बुडायच्या आत प्रशांतदादाच्या घरी हजर.”

मागच्या वर्षी काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एक रात्र दवाखान्यात राहिले. काळा चष्मा लावून परत आले तेव्हा पार्किंगची जागा रिकामी होती. फ्लेक्सचा तुकडा आणि गोणपाट तेवढं घडी घालून भिंतीला टेकवलेलं होतं. घडी घालायचं तेवढं सुचलं होतं त्याला.

मी प्रशांतला जिन्यातच गाठलं.

“गाडी कुठे आहे?”

“विकली, ताई. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं गाडी चालवायची का? तुम्हीच सांगा.”

“डॉक्टरांनी काही आठवडे नको म्हटलं आहे. जन्मभर नाही.”

“वय पाहा ना त्यांचं.”

“त्यांना विचारलं?”

“विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते.” तो हे समजावणीच्या सुरात बोलत होता, मी लहान असल्यासारखं. “गाडी बाबांनीच माझ्या नावावर केली होती. बेकायदेशीर काही केलं नाही. आणि खरं सांगू? त्या बाजूचं जाणं बंद झालं तेही बरंच झालं.”

तर त्याला माहीत होतं. मोसंबी खाताना माहीत होतं. माझ्या हातात त्या वेळी भाजीची पिशवी होती आणि तिच्यात दुधी भोपळा होता. मी वर निघून आले, एवढंच स्वतःबद्दल चांगलं सांगता येईल.

पुढच्या रविवारी काका खाली आले. रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसले. सदऱ्याच्या खिशातून त्या पात्या डोकावत होत्या. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मला ते पाहवेना, आणि मला पाहवलं नाही की मी बोलते.

“काका, बसनं जा. नरखेडची एसटी आहे.”

“कायले?”

“वर्षाला भेटायला.”

“गाडीच नाही तर ट्रायल कशाची?”

“ट्रायल गेली खड्ड्यात. मला पोरीला भेटायचं आहे, असं म्हणा एकदा. मुलाच्या तोंडावर म्हणा.”

“तू हळू बोल वं.”

“का? आवाज बंद पाहिजे? त्या मेकॅनिकला इतकी वर्षं शिव्या देता. त्या दिवशी गेटपाशी तुम्ही वेगळं काय केलंत?”

ते उठले. मला वाटलं आता चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल. त्यांनी खुर्ची उचलली, भिंतीला लावली आणि जिना चढून गेले. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मला माझ्या बोलण्याचं वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

पाचव्या दिवशी वर्षाचा फोन आला. सगळं मी तिला आधीच सांगितलेलं होतं.

“ताई, बाबांना सांगा, माही गाडी आवाज करून राहिली. टॅपेट असन. इथला मेकॅनिक उद्या आवळून देतो म्हणते.”

मी निरोप जसाच्या तसा दिला. काका दारात उभे होते. चेहरा हलला नाही.

“आवळून देतो म्हणते?”

“असं म्हणाली.”

“त्या गाढवाले हात लावू देऊ नको म्हणा.”

रविवारी आम्ही निघालो. ऑपरेशन झालेल्या माणसाला एकट्यानं एसटीत बसवणं मला पटत नव्हतं, म्हणून मीही निघाले. पाणी, बिस्किटं, काळा चष्मा, डोळ्यांत घालायचं औषध, दोघांची आधार कार्डं, सगळं माझ्या पर्समध्ये. काकांनी फक्त पात्या आणि दोन पाने रुमालात बांधून घेतले होते. प्रशांत गॅलरीतून पाहत होता. कुठे चाललात, असं त्यानं विचारलं नाही. काकांनी सांगितलं नाही. मी दात-ओठ खात गेट उघडलं. काटोल येईपर्यंत काका ड्रायव्हर क्लच कसा चुकीचा दाबतो ते मला सांगत होते.

फाट्यावर वर्षा मोटरसायकल घेऊन उभी होती. अंगावर नवऱ्याचा शर्ट, डोक्याला ओढणी बांधलेली. काका मागे बसले, ती त्यांना घेऊन गेली, मला चहाच्या टपरीवर बसवून. मग परत येऊन मला नेलं. बागेतल्या घरापुढे पोचलो तेव्हा काका आंब्याच्या सावलीत गोणपाट अंथरून तयार होते. तिनं गाडी त्यांच्यासमोर लावली. त्यांनी इंजिनाला तळवा लावला आणि झटकन काढला.

“काहून वं, हे काय केलं? तवा करून ठेवला.”

“तुमाले पायी आणलं असतं काय फाट्यावरून?” वर्षा घरात जात म्हणाली.

“आता हे पाहता येते काय? सांग ना. पाहता येते?”

“मले काय समजते त्यातलं.”

“रात्रभर ठेवा लागते.”

“मंग ठेवा.”

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. जावई विहिरीकडून आला, नमस्कार करून हात पुसत एका बाजूला उभा राहिला.

“माह्याजवळ कपडे नाही,” काका कोणालाच उद्देशून नाही असं म्हणाले.

“माझी लुंगी आहे, बाबा,” जावई म्हणाला.

“डोळ्यात औषध टाका लागते.”

मी पर्समधून औषध काढून बाजेवर ठेवलं. काकांनी त्या बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या क्षणी त्यांना माझा फार राग आला असणार.

जेवणं झाली आणि माझा फोन वाजला. प्रशांत होता. “ताई, बाबांना केव्हा आणता?” मी काही बोलायच्या आत काकांनी हात पुढे केला. पाना मागावा तसा. मी फोन दिला.

“हां, बोल… वर्षीच्या घरी आहो.” मग बराच वेळ पलीकडचं ऐकत राहिले. आवाज आम्हाला बाजेपर्यंत येत होता, शब्द कळत नव्हते. वर्षा दारात ताट हातात घेऊन उभी होती. “झालं तुझं? आता ऐक. इंजिन गरम आहे. मी इथं मुक्काम करून राहिलो. उद्या पाहीन, मंग ट्रायल घेईन, मंग पुन्हा गरम होईन थे. घाई करजो नको.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि हात धोतराला पुसला. वर्षा ताट घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

माझी परतीची बस होती, तिनंच मला फाट्यावर सोडलं. मी मागे बसले तेव्हा काका सूचना देत होते. हळू चालवजो. आल्यावर सावलीत लावजो. सकाळी कोणी किक मारली तर माह्याशी गाठ आहे. ती मान डोलावत होती. बागेच्या वळणावर मी म्हटलं, “वर्षा, फाट्यावर ऑटो उभे होते की गं.”

“होते ना, ताई,” ती म्हणाली आणि गिअर बदलला.

मी वळून पाहिलं. काका आंब्याखाली गुडघ्यावर बसले होते. गाडी नव्हती, तरी गोणपाट नीट पसरत होते, कोपऱ्यावर दगड ठेवत होते, आणि जावयाला हातानं खूण करून सांगत होते की इकडून जाऊ नको, तिकडून जा.